एकाच नकाशातून ७.१ सिग्मा, २.९ सिग्मा आणि काहीच नाही: विश्वाचं डावं-उजवं मोजायचं तरी कसं?

कुळागर_फोंडा (प्रश्न)

फोंड्यात बी.एस्सी. भौतिकीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायची आहे. विषय असा: दीर्घिकांचा त्रिमितीय नकाशा आरशात धरला, तर खरा कुठला आणि प्रतिबिंब कुठलं हे ओळखता येईल का? मुलांना व्हू बाईंचा १९५६-५७ मधला कोबाल्ट-६० चा प्रयोग ठाऊक असतो. क्षीण बल डाव्या-उजव्यात भेद करतं, इथपर्यंत गाडी नीट जाते. पुढे अडते.

दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या बॉस सर्वेक्षणाच्या डीआर१२ (बाराव्या) संचावर २०२२ मध्ये दोन शोधनिबंध लागोपाठ आले. हौ, स्लेपियन आणि कान यांना सीमॅस (दूरच्या दीर्घिकांच्या) नमुन्यात ७.१ सिग्मा आणि लोझेड (जवळच्या दीर्घिकांच्या) नमुन्यात ३.१ सिग्मा इतका पॅरिटी (आरसा-सममिती) मोडल्याचा संकेत मिळाला. (एक सिग्मा म्हणजे नुसत्या गोंगाटाचा नेहमीचा फैलाव.) फिलकॉक्स यांना सीमॅसमध्येच २.९ सिग्मा मिळाला. मग २०२४ मध्ये फिलकॉक्स आणि एरेझा यांनी तुलनेचे नकली नकाशे (संगणकावर बनवलेली, आरसा-सममिती पाळणारी विश्वं) बदलून पाहिले, तर उरला १.४ सिग्मा. त्याच वर्षी क्रोलेव्स्की आणि सहकाऱ्यांनी वेगळी मोजपट्टी लावून ० ते २.५ सिग्मा असा आकडा दिला, आणि ठोस पुरावा नाही असा निष्कर्ष काढला.

दीर्घिका त्याच, दुर्बीणही तीच (अपाची पॉइंटची २.५ मीटरची). तरी उत्तरं इतकी लांब-लांब कशी? ‘शास्त्रज्ञांत मतभेद आहेत’ असं मुलांना सांगून सुटका करून घ्यायची नाही. शिवाय:

- दोन किंवा तीन दीर्घिका पुरत नाहीत, चारच का लागतात, हे फळ्यावर पाच मिनिटांत कसं दाखवावं?
- साध्या लॅपटॉपवर मुलांकडून काय करून घेता येईल, आणि त्यात कुठे घोळ होतात?

---

चौथा_बिंदू

चारचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे. दोन बिंदूंमध्ये नुसतं अंतर. तीन बिंदूंचा त्रिकोण होतो आणि तो सपाट असतो. कागदाचा विषमभुज त्रिकोण कापा, आरशात त्याची प्रतिमा पाहा आणि हातातला त्रिकोण पालथा करा. प्रतिमेशी तंतोतंत जुळतो. त्रिमितीत ‘पालथं करणं’ म्हणजे फिरवणंच. विश्वाला ठरावीक दिशा नाही असं मानून आपण सगळ्या दिशांवर सरासरी घेतो, त्यामुळे जे फिरवून जुळतं त्यातून आरशाबद्दल काहीच कळत नाही. चौथा बिंदू त्या कागदाच्या वर किंवा खाली गेला की चतुष्फलक होतो, आणि त्याच्या कडा वेगवेगळ्या असतील तर तो कितीही फिरवला तरी आपल्या प्रतिमेवर बसत नाही.

चवथीला दाखवायचं तर माटोळीसारखी (गणपतीच्या वर टांगतात त्या फळांच्या चौकटीसारखी) सोय नाही. माटोळीतली चार फळं निवडा, एकाच पातळीत नसलेली. एक फळ शिरोबिंदू धरा आणि बाकी तिघांपर्यंतची अंतरं सुतळीनं मोजा. शिरोबिंदूवर डोळा ठेवून पाहताना सर्वांत जवळचं, मधलं, सर्वांत लांबचं या क्रमाने नजर घड्याळाच्या दिशेने फिरते की उलट? हेच त्या चतुष्फलकाचं डावं-उजवेपण. गणितात तो तीन बाहूंचा स्केलर ट्रिपल प्रॉडक्ट, आणि त्याचं चिन्ह आरशात बदलतं.

अंतराचा क्रम इथे शोभेचा नाही. दोन बाहू सारख्याच लांबीचे असले तर ‘आधी हा की तो’ ठरत नाही, अदलाबदल केली की चिन्ह उलटतं आणि सरासरीत सगळं कटून शून्य होतं. म्हणून खऱ्या मोजमापात अंतराचे कप्पे पाडतात आणि तिन्ही बाहू वेगवेगळ्या कप्प्यांतले घेतात. नेहमीचा पल्ला २० ते १६०. (इथून पुढे सगळी अंतरं ‘मेगापार्सेक भागिले एच’ या मापात. मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षं, एच हा विश्वाच्या प्रसरणाच्या वेगाचा गुणक.) त्याचे १४-१४ रुंदीचे १० कप्पे केले, तर तीन वेगळे कप्पे निवडायचे १२० प्रकार होतात.

कोनांसाठी गोलीय हार्मोनिक्स वापरतात. प्रत्येक बाहूला एक एल, म्हणजे कोनांची नक्षी किती बारीक ते सांगणारा पूर्णांक. तिन्ही एलची बेरीज विषम असेल तो घटक आरशात चिन्ह बदलतो, सम असेल तो बदलत नाही. सर्वांत साधा विषम घटक १-१-१, आणि तो म्हणजे आपला ट्रिपल प्रॉडक्टच, फक्त गुणक वेगळा. एल ४ पर्यंत घेतले आणि त्रिकोणाची अट (कोणताही एल बाकी दोघांच्या बेरजेहून मोठा नको) पाळली तर असे विषम घटक २३ निघतात. मुलांना हातानं मोजायला लावा, चांगला व्यायाम आहे. १२० गुणिले २३ म्हणजे २,७६० आकडे. एका सर्वेक्षणातून निघतो तो हा २,७६० आकड्यांचा सदिश, आणि आरसा-सममिती असेल तर त्यातल्या प्रत्येकाची अपेक्षित किंमत शून्य असते.

हार्मोनिक्स का, तेही सांगून ठेवा. सीमॅसची घनता घन मापामागे ३ × १०⁻⁴ धरली तर १६० त्रिज्येच्या गोलात साधारण ५,००० शेजारी येतात. त्यांतून तीन-तीन निवडायचे तर एका दीर्घिकेमागे दोन हजार कोटींच्या वर चतुष्फलक होतात. त्याऐवजी प्रत्येक दीर्घिकेभोवती कप्प्यागणिक हार्मोनिक गुणांक एकदाच काढायचे आणि मग गुणांकांचा गुणाकार करायचा. काम जोड्यांच्या संख्येवर येतं, चौकड्यांच्या नाही. एन्कोर हा खुला प्रोग्रॅम हेच करतो.

---

जुवारी_काठ

आकड्यांच्या भांडणाचं मूळ आता सांगतो. या वादात दीर्घिकांवर कोणाचंच दुमत नाही. ‘गोंगाट किती’ यावर आहे.

२,७६० आकडे शून्याभोवती थोडेफार हलणारच. ते किती हलायला हवेत हे कोव्हेरियन्स मॅट्रिक्स सांगते. तिच्या मापाने वर्ग करून बेरीज केली की काय-वर्ग येतो. सममिती असेल आणि मॅट्रिक्स बरोबर असेल तर काय-वर्ग २,७६० च्या आसपास हवा, आणि त्याचा फैलाव म्हणजे दुप्पट २,७६० चं वर्गमूळ, सुमारे ७४. काय-वर्ग ३,०३६ आला तर? २७६ जास्त, भागिले ७४, म्हणजे ३.७ सिग्मा. वर्तमानपत्रात बातमी!

पण २७६ म्हणजे २,७६० चे फक्त १० टक्के. खऱ्या गोंगाटाचा वर्ग तुमच्या मॅट्रिक्सने धरल्यापेक्षा १० टक्के जास्त असेल, तर कसलंही नवं भौतिकशास्त्र नसताना हाच ३.७ मिळेल. कप्पे १८ केलेत तर प्रकार ८१६ होतात, आकडे १८,७६८, फैलाव १९४. मग तीच १० टक्क्यांची चूक ९.७ सिग्मा दाखवते आणि ५ टक्क्यांची ४.८. बारीक कप्पे केले की माहिती वाढते हे खरं, पण कोव्हेरियन्समधल्या चुकीला भिंगही मिळतं. ही गोष्ट मुलांकडून फळ्यावर करून घ्या, बाकी काही नाही केलं तरी चालेल.

आता १० टक्के चूक होणं किती सोपं आहे ते पाहा. चार बिंदूंच्या मापाचा गोंगाट, साध्या गाउसियन हिशेबात, चार पॉवर स्पेक्ट्रमांच्या (कुठल्या मापावर किती गुच्छ आहेत ते सांगणाऱ्या आकड्यांच्या) गुणाकारासारखा असतो (प्रत्येकात मोजक्या दीर्घिकांमुळे येणारा शॉट-गोंगाट मिळवून). म्हणजे चौथा घात. पॉवर स्पेक्ट्रम अडीच टक्के कमी धरला तर १.०२५ चा चौथा घात १.१०४. झाले १० टक्के. शिवाय गाउसियन हिशेबाच्या पलीकडचा भागही असतो, तो आठ बिंदूंच्या सहसंबंधात जातो (चार बिंदूंच्या मापाचा वर्ग म्हणजे आठ बिंदू). गुरुत्वाने दीर्घिकांचे पुंजके आणि तंतू झाले की तो वाढतो. आठ बिंदूंचा सहसंबंध नकली नकाशात बरोबर उतरलाय का, हे तपासायच्या फंदात एरवी कोण पडतो?

बॉससाठीचे मल्टिडार्क-पॅची हे २,०४८ नकली नकाशे झटपट बनवता यावेत म्हणून अंदाजी गुरुत्व-गणितावर उभे केले आहेत. दोन आणि तीन बिंदूंच्या मापांशी ते जुळवून घेतले आहेत आणि त्या कामासाठी छान आहेत. आठ बिंदूंसाठी त्यांना कोणी घडवलं नव्हतं. फिलकॉक्स आणि एरेझा यांनी त्यांच्या जागी ग्लॅम-उचू नकाशे घेतले. त्यांत २,००० घन इतके कण पूर्ण एन-बॉडी गणिताने (कण एकमेकांना कसे खेचतात ते मोजून) हलवलेले आहेत. त्यांच्याच निवडीत जो संकेत पॅची वापरून ३.५ सिग्माच्या वर होता, तो १.४ वर आला. माहिती तीच. फक्त ‘किती हलणं स्वाभाविक आहे’ याची पट्टी बदलली.

क्रोलेव्स्की आणि मंडळींनी तर दोन गोष्टी वेगळ्याच काढल्या: पॅरिटीचा संकेत ० ते २.५ सिग्मा, आणि आठ-बिंदूंमुळे झालेला पक्षपात सुमारे ६ सिग्मा. म्हणजे त्या ७.१ मध्ये काहीतरी ‘होतं’ हे खरंच, पण ते डावं-उजवं नव्हतं. नकली नकाशे आणि खरं आकाश यांतला फरक होता.

२.९ आणि ७.१ यांतला फरकही याच रस्त्याने समजतो. २,७६० आकड्यांसाठी २,०४८ नकाशांवरून काढलेली मॅट्रिक्स उलटवताच येत नाही, आकड्यांहून नकाशे कमी. म्हणून एक तर सूत्रावरून काढलेली गाउसियन मॅट्रिक्स घ्यायची आणि तिचं आकारमान व घनता नकली नकाशांशी जुळवायची, नाही तर आकडे आधी थोड्यावर आणायचे. हौ आणि सहकाऱ्यांचा मुख्य भर सूत्रावर होता. फिलकॉक्स यांनी आकडे आवळले आणि नकली नकाशांच्या रांगेत खरा नकाशा कितवा लागतो ते पाहिलं. पट्टी वेगळी, म्हणून उत्तर वेगळं.

---

म्हादई

माटोळीचं उदाहरण आवडलं, पण चिन्हाच्या संकेताबद्दल एक इशारा देऊन ठेवते. आपल्याकडे पूजेत मानाचा असतो तो ‘दक्षिणावर्ती’ शंख. प्राणिशास्त्रात मात्र त्यालाच डावखुरा म्हणतात, आणि सर्रास मिळणारा शंख त्यांच्या लेखी उजवा. शंख तोच, फक्त टोक वर धरलं की तोंड वर धरलं यावर नाव ठरलं. आकाशातही हेच होतं. आपण खगोल आतून पाहतो, त्यामुळे नकाशात पूर्व डावीकडे येते. विषुवांशाचं चिन्ह चुकून उलटं घेतलं तर सगळं विश्व आरशात जातं.

याने निकाल बिघडत नाही, कारण काय-वर्गाला चिन्ह कळत नाही. पण याच कारणासाठी ‘नकाशा उलटा करून पुन्हा चालवला, संकेत तेवढाच आला, म्हणजे तो खरा’ हा युक्तिवाद पोकळ आहे. उलट्या नकाशात विषम घटकांचं फक्त चिन्ह बदलतं आणि ते बदलणारच. ही तपासणी प्रोग्रॅमची आहे, आकाशाची नाही.

आरसा खरोखर कामी आला तो गॅलेक्सी झूमध्ये. लोकांनी चित्रं पाहून सर्पिल दीर्घिका घड्याळी की उलट हे सांगितलं, आणि एका बाजूची संख्या जास्त निघाली. मग तीच चित्रं आरशात उलटी करून लोकांना दाखवली, तरी जास्त संख्या त्याच बाजूची. म्हणजे कल माणसाच्या डोळ्यात होता. (तो प्रश्न वेगळा होता, सर्पिलांच्या फिरकीचा. चार बिंदूंशी त्याची गल्लत मुलं हमखास करतात.)

---

कुळागर_फोंडा

जुवारी बाब, अडीच टक्क्यांचा चौथा घात! हेच हवं होतं. देव बरें करूं.

आता लॅपटॉपचं. मुलांकडे ८ जीबीची यंत्रं, पायथन येतं. बॉसचा खरा संच उतरवून द्यावा का?

---

चौथा_बिंदू

पहिल्या दिवशी नको. खऱ्या संचात कडा, वजनं, अपुरे तंतू (दीर्घिकांचा प्रकाश टिपणारे काचतंतू) एवढं सगळं असतं की मुलं त्यातच बुडतील. आधी डबा घ्या: १,००० बाजूचा घन, कडा एकमेकींना जोडलेल्या, म्हणजे उजवीकडून बाहेर पडलं की डावीकडून आत. सायपायच्या केडी-ट्रीला डब्याची बाजू सांगितली की तो हे आपोआप सांभाळतो.

डब्यात १,००० चतुष्फलक टाका, म्हणजे ४,००० बिंदू. प्रत्येकाचा शिरोबिंदू कुठेही, आणि त्यापासून एकमेकांना काटकोनात तीन बाहू: ३०, ५० आणि ७० लांबीचे. सगळे उजवे. मग प्रत्येकाला यदृच्छ फिरवा. मोजताना कप्पे २५-३५, ४५-५५ आणि ६५-७५. प्रत्येक बिंदूभोवती या कप्प्यांतला एक-एक शेजारी घेऊन एकक सदिशांचा ट्रिपल प्रॉडक्ट काढा आणि बेरीज करा. या लांब्या मुद्दाम निवडल्या आहेत. बाकीच्या तीन टोकांवरून पाहिलं तर अंतरं ५८, ७६, ८६ अशी येतात आणि कप्प्यांत बसत नाहीत. त्यामुळे एका चतुष्फलकाचा हिशेब एकदाच होतो आणि बेरीज १,००० च्या आसपास यायला हवी.

गोंगाट किती? यदृच्छ एकक सदिशांच्या ट्रिपल प्रॉडक्टच्या वर्गाची सरासरी २/९ असते. या घनतेला एका बिंदूभोवती सरासरी १.४ अशा भेसळ-चौकड्या जमतात, ४,००० बिंदूंच्या मिळून ५,७०० च्या जवळ. त्याला २/९ ने गुणून वर्गमूळ काढलं की सुमारे ३५. १,००० विरुद्ध ३५, संकेत ठळक दिसेल.

आता मुलांना विचारा, २०,००० चतुष्फलक त्याच डब्यात कोंबले तर संकेत वाढेल ना? संकेत २०,००० होतो, पण गोंगाट बिंदूंच्या संख्येच्या वर्गाने वाढून १४,००० वर जातो. १.४ सिग्मा! दाटीत खऱ्या चौकड्या हरवतात. चार बिंदूंचं मोजमाप इतकं निसरडं का, ते यातून कळतं.

घोळ कुठे होतात:

यदृच्छ फिरवणी. बहुतेक जण गाउसियन आकड्यांची ३×३ मॅट्रिक्स घेऊन क्यूआर विघटन करतात. त्यातून येणाऱ्या मॅट्रिक्सचा डिटरमिनंट कधी +१, कधी -१ असू शकतो. -१ म्हणजे फिरवणं अधिक आरसा. चतुष्फलकांचा एक मोठा हिस्सा डावा होऊन बसतो आणि संकेत मरतो, प्रोग्रॅम मात्र एकही चूक दाखवत नाही. डिटरमिनंट ऋण असेल तर एका स्तंभाचं चिन्ह बदला, किंवा सायपायची तयार यदृच्छ फिरवणी वापरा. तीन ऑयलर कोन सरळ सारख्या शक्यतेने निवडणं हाही चुकीचा रस्ता. त्याने दिशा ध्रुवांकडे गोळा होतात.

नियमित चतुष्फलक. ‘सोपा म्हणून’ सहाही कडा सारख्या घेतात. तो स्वतःच आपल्या प्रतिमेसारखा असतो, त्यात शोधायला काही उरतच नाही. दोन बाहू सारखे असले तरी तेच.

हार्मोनिक्स वापरणाऱ्यांसाठी: विषम घटकांची बेरीज शुद्ध काल्पनिक येते. सवयीने वास्तव भाग घेतला की १०⁻¹⁶ सारखे आकडे दिसतात आणि ‘सममिती सिद्ध झाली’ असं वाटतं. तसंच फक्त एम शून्यची पदं ठेवली तरी शून्यच, कारण एलची बेरीज विषम असताना विग्नरचं ३-जे तिन्ही एम शून्यला नाहीसं होतं.

आणि खरी शिकवण दुसऱ्या प्रयोगात. तेच १,००० चतुष्फलक, पण प्रत्येकाचं डावं-उजवं नाणेफेकीने ठरवा. आता डबा सममित आहे. असे ५० डबे करा. ‘नकली नकाशे’ म्हणून मात्र ४,००० निव्वळ विखुरलेले बिंदू घ्या, ज्यांत पुंजके नाहीत. नकली डब्यांचा गोंगाट-वर्ग १,२६० च्या आसपास निघेल. खऱ्यात नाणेफेकीचे १,००० अधिक मिळतात, म्हणजे २,२६०. नकली पट्टीने ५० डब्यांचा काय-वर्ग ९० च्या जवळ येईल, अपेक्षा ५० ची आणि फैलाव १० चा. चार सिग्माचा ‘शोध’, सममित विश्वात! जुवारी बाबांनी वर सांगितलं तेच हे, फक्त मुलांच्या हातून घडलेलं.

---

म्हादई

त्याच ५० डब्यांवर पुढची पायरी करून घ्या. प्रत्येक डब्याच्या आकड्याचा स्वतःशी गुणाकार न करता दुसऱ्या डब्याशी करा. १,२२५ जोड्या होतात, त्यांची सरासरी घ्या. दोन डब्यांतला गोंगाट स्वतंत्र, त्यामुळे पट्टी कितीही चुकीची असली तरी सममित विश्वात ही सरासरी शून्याभोवतीच राहते. खरा संकेत असेल तर तो सगळ्या डब्यांत एकाच चिन्हाचा, म्हणून सरासरी धन येते. नाणेफेकीचे डबे इथे लगेच उघडे पडतात. क्रोलेव्स्की यांच्या मोजपट्टीचा गाभा हाच.

खऱ्या आकाशात डब्यांच्या जागी आकाशाचे तुकडे. सीमॅसच्या मध्यावर, ताम्रसृती (रेडशिफ्ट, प्रकाश किती तांबड्याकडे सरकला ते) ०.५५ च्या आसपास, अंतर साधारण १,४५०. तिथे १६० चा बाहू ६.३ अंश व्यापतो. तुकडा १० अंशांचा केला तर बहुतेक चतुष्फलक कडेवर तुटतात. ३० अंश बाजूचे, म्हणजे ९०० चौरस अंशांचे तुकडे घेतले तर बॉसच्या पदरात दहाच्या आसपास पडतात, जोड्या ४५. आकाशगंगेच्या उत्तरेकडचा आणि दक्षिणेकडचा भाग (सुमारे ६,९०० आणि २,५०० चौरस अंश) असे दोनच तुकडे केले तर जोडी एकच. त्या एका आकड्यावर विसंबू नका.

दुसऱ्या दिवशी खरा संच उघडलाच, तर वजनं नीट लावा: (जवळच्या जोडीचं वजन अधिक रेडशिफ्ट हुकल्याचं वजन वजा १), गुणिले प्रतिमादोषाचं वजन, गुणिले एफकेपी (दाटीनुसारचं) वजन. पहिली दोन गुणायची नसतात, मिळवायची असतात. बॉसच्या तबकडीवर दोन तंतू ६२ विकलांपेक्षा जवळ बसत नाहीत, त्याची भरपाई यातून होते. २० पेक्षा लहान बाहू न घेण्यामागे हेही एक कारण. यदृच्छ सूचीचे (सर्वेक्षणाच्याच कडांत विखुरलेल्या बिंदूंच्या यादीचे) प्रत्येकी दीर्घिकांच्या संख्येएवढे बिंदू असलेले तुकडे करून प्रत्येक वेळी दीर्घिका वजा यदृच्छ असं चालवा आणि सरासरी घ्या. वजनांची बेरीज शून्य केली नाही तर कडांचा आकारच संकेत म्हणून आत शिरतो.

आकडे आवळायचे असतील तर मॅट्रिक्सचे आयगेन सदिश काढून त्यांतले मोजके ठेवतात. २५० ठेवले आणि नकाशे २,०४८ असतील, तर उलट्या मॅट्रिक्सला हार्टलॅपचा गुणक (नकाशे मोजकेच असल्याची चूक भरून काढणारा) लावायचा: (२,०४८ - २५० - २) भागिले २,०४७, म्हणजे ०.८७७. विसरलात तर काय-वर्ग १४ टक्के फुगतो, ३५ ने, आणि फैलाव २२. फुकटचा दीड सिग्मा.

आणि हे आयगेन विघटन शिकवताना गोव्यात एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. पाठ्यपुस्तकात ते कारुनेन-लोएव्ह म्हणून येतं, पण दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ते १९४३ मध्येच जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीत मांडलं होतं. जन्म कोसबेंचा, १९०७ चा. मुलं कोसंबींना इतिहासकार म्हणून ओळखतात, त्यांची मॅट्रिक्सशी गाठ घालून द्या.

---

तिसवाडीकर

एक शंका. संकेत खरा निघाला तर त्याचं कारण काय असणार? क्षीण बल तर अणुगर्भाच्याही आत संपतं. आणि ताम्रसृतीमुळे नकाशा दृष्टिरेषेत ताणला-दाबला जातो, त्यातून खोटं डावं-उजवं येत नाही का?

---

जुवारी_काठ

क्षीण बलाचा पल्ला १०⁻¹⁸ मीटरच्या घरातला, दीर्घिकांच्या मांडणीवर त्याचा हात पोचत नाही. गुरुत्व डावं-उजवं ओळखत नाही, म्हणून सुरुवातीला सममित असलेलं विश्व गुरुत्वाने असममित होत नाही. उरतं इन्फ्लेशन, म्हणजे विश्वाच्या आरंभीचं झपाट्याचं फुगणं. तिथेही वाट अरुंद आहे: एकच क्षेत्र, काटेकोर मापन-सममिती (लहान-मोठ्या मापांवर सारखंच चित्र) आणि नेहमीची निर्वात स्थिती धरली तर पहिल्या पातळीवरच्या गणितात विषम चार-बिंदू संकेत शून्यच येतो. तो हवा तर फिरकी असलेला जड कण किंवा चर्न-सायमन्स जोडणीचं गेज क्षेत्र असं काहीतरी आणावं लागतं. एवढं दुर्मीळ असल्यामुळेच ७.१ वर सगळे तुटून पडले, आणि म्हणूनच ते लगेच मान्य झालं नाही.

पार्श्वप्रारणातून (विश्वाच्या आरंभापासून उरलेल्या प्रकाशातून) वेगळी वाट आहे. मिनामी आणि कोमात्सु यांनी २०२० मध्ये प्लांक उपग्रहाच्या माहितीतून ध्रुवीकरणाची पातळी ०.३५ ± ०.१४ अंश फिरल्याचा संकेत दिला. तो मात्र प्रकाशाच्या प्रवासातला परिणाम आहे, दीर्घिकांच्या चौकडीशी त्याची थेट सांगड घालू नका.

दृष्टिरेषेचं उत्तर: ताणणं-दाबणं एका अक्षात होतं, त्यात पीळ नाही. चेंडू दाबून लांबट केला तरी तो डावखुरा होत नाही. आकाशातल्या जागेनुसार आणि ताम्रसृतीनुसार एकाच वेळी बदलणारा दोष मात्र धोकादायक. तारे दाट असलेल्या भागात फक्त दूरच्या दीर्घिका निसटतात, अशा जातीचा. म्हणून प्रतिमादोषाचं वजन काढून आणि लावून, दोन्ही पद्धतींनी चालवून फरक पाहायचा.

---

कुळागर_फोंडा

मग पुढच्या वर्षी डेसीचा (बॉसनंतरच्या नव्या सर्वेक्षणाचा) संच घेऊ का? तो मार्च २०२५ पासून खुला आहे ना?

---

चौथा_बिंदू

खुला आहे, आणि गुच्छमापनासाठीच्या तांबड्या तेजस्वी दीर्घिका त्यात २१ लाखांच्या वर आहेत. पण पहिल्या वर्षात आकाशाच्या बऱ्याच भागावरून ५,००० तंतूंच्या फेऱ्या पूर्ण झाल्या नव्हत्या, आणि कुठे किती फेऱ्या झाल्या त्याचा ठसा सगळ्या नकाशावर आहे. तंतू-वाटप न केलेले नकली नकाशे घेतलेत तर गोंगाटाची पट्टी पहिल्याच पावलाला चुकेल. ५० डब्यांच्या प्रयोगातलं तुकड्या-तुकड्यांचं गुणाकाराचं फंक्शन तसंच ठेवा, डेसीवर आधी तेच चालवा. एकट्या काय-वर्गाकडे नंतर बघू.